राइटिंग्टनचा खुबा

१९५०चं दशक. इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात जॉन चार्नली या अस्थिशल्यविशारदाकडे एक माणूस आला. त्याच्या खुब्यावर आधीच शस्त्रक्रिया झालेली होती. मांडीच्या हाडाचं झिजलेलं डोकं कापून त्या जागी पॅरिसच्या ज्युडे बंधूंच्या पद्धतीचा ॲक्रिलिकचा गोळा बसवलेला होता. आता तक्रार होती ती आवाजाची. जेवायला बसून जरा पुढे वाकलं, की खुब्यातून करकर ऐकू यायची. बायकोला तो आवाज इतका असह्य झाला होता की ती त्याच्याबरोबर एका खोलीत थांबेना.

ॲक्रिलिकचे खुबे करकरतात हे तेव्हाच्या बऱ्याच डॉक्टरांना ठाऊक होतं. काही आठवड्यांत आवाज आपोआप बंद होतो हेही ठाऊक होतं, त्यामुळे कोणी त्याची फारशी फिकीर करत नसे. शरीराने नव्या गोळ्याला वंगण पुरवलं, सांधा रुळला, असा त्याचा अर्थ लावला जाई. चार्नलींनी नेमका उलटा अर्थ लावला. आवाज येतो, म्हणजे प्लास्टिकचा गोळा आणि खुब्याच्या वाटीतली कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, एकमेकांवर अडकत अडकत घासताहेत. हे घर्षण इतकं जास्त आहे की काही दिवसांनी गोळा वाटीत फिरायचा थांबतो आणि त्याचा दांडाच हाडात हलू लागतो. आवाज थांबतो तो त्यामुळे. रुग्ण आणि डॉक्टर ज्या दिवशी निश्चिंत होत, त्याच दिवसापासून खुबा सैल व्हायला लागलेला असे.

आज जगभर दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसांचे खुबे बदलले जातात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००७ साली आलेल्या एका लेखाने या शस्त्रक्रियेला शतकातली शस्त्रक्रिया म्हटलं. तिची खरी सुरुवात त्या करकरीचा अर्थ नीट लावण्यातून झाली.

खुबा हा उखळीचा सांधा, असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ही कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातले २१० सांधे मोजलेले आहेत आणि त्यांचे आठ प्रकार केलेले आहेत. त्यांतला एक ‘उलूखल’, म्हणजे उखळ. काखेतला आणि जांघेतला सांधा त्यात येतो. सांध्यांमधला कफ नेमकं काय करतो, हे सांगताना त्या ग्रंथात गाडीच्या चाकाचा दाखला दिलेला आहे: आसाला तेल घातलेलं असलं की चाक जसं सुरळीत फिरतं, तसे या कफामुळे सांधे सुरळीत चालतात. सांधा वंगणावर चालतो ही समजूत तेव्हापासून आपल्या मनात घट्ट बसलेली आहे. ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ हे वाक्य आजही दवाखान्याच्या बाकावर ऐकू येतं.

प्रत्यक्षात खुब्याची रचना अशी. कंबरेच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक खोलगट वाटी असते. मांडीच्या हाडाचं वरचं टोक जवळजवळ गोल असतं आणि ते एका आखूड, तिरक्या मानेवर बसलेलं असतं. हे डोकं वाटीत जाऊन बसतं. वाटीच्या काठाला कूर्चेची झालर असते, तिच्यामुळे वाटी आणखी खोल होते. भोवती जाड अस्थिबंध असतात. त्यांतला पुढच्या बाजूचा अस्थिबंध शरीरातल्या सगळ्यांत बळकट अस्थिबंधांपैकी एक. खांदाही उखळीचाच सांधा, पण त्याची वाटी उथळ, म्हणून तो चौफेर फिरतो आणि निखळतोही लवकर. खुब्याने हालचालीचा काही भाग सोडून देऊन भार पेलायची ताकद कमावलेली आहे. साधं चालतानाही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. ६० किलोच्या माणसाच्या खुब्यावर दर पावलाला दीडशे किलोंहून जास्त भार, आणि अशी पावलं वर्षाला एका पायाची सुमारे दहा लाख.

हा सगळा भार काही मिलिमीटर जाडीच्या कूर्चेवर पडतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, हालचालीबरोबर दाबली जाऊन आणि सुटून. नसा नसल्यामुळे ती झिजत असताना माणसाला काही कळत नाही. दुखायला लागतं ते आतलं हाड उघडं पडू लागल्यावर आणि सांध्याचं अस्तर सुजल्यावर. रक्तपुरवठा नसल्यामुळे एकदा गेलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी भरून येत नाही. संधिवाताने धरलेला खुबा अनेक वर्षं डॉक्टरांच्या हाताबाहेर राहिला, तो एवढ्यासाठीच.

प्रयत्न मात्र पुष्कळ झाले. १८२६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जॉन ऱ्हिया बार्टन यांनी एका खलाशाच्या आखडलेल्या खुब्याखाली हाड कापलं आणि ते जुळू न देता हलतं ठेवलं, म्हणजे खोटा सांधा तयार केला. भूल देण्याचा शोध लागायला अजून वीस वर्षं होती. बार्टन यांनी ते काम सात मिनिटांत उरकलं. पुढे दोन हाडांच्या मध्ये काहीतरी घालून ठेवायची पद्धत आली. स्नायूंवरचं आवरण, डुकराच्या मूत्राशयाचं अस्तर, सोन्याचा पत्रा असं काय काय वापरलं गेलं. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९०च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बनवले आणि ते हाडात बसवायला राळ, प्युमिस दगडाची पूड आणि प्लास्टर यांचं मिश्रण वापरलं. गुडघा, मनगट, खुबा, सगळीकडे त्यांनी हात घातला. पण रुग्ण होते ते क्षयाने सडलेल्या सांध्यांचे. पू झाला, सांधे निघाले, आणि बर्लिनच्या वैद्यकातले वजनदार गृहस्थ अर्न्स्ट फॉन बेर्गमान त्यांच्या विरोधात गेले. ग्लुक यांची कल्पना पुढे जवळजवळ विस्मरणात गेली. हाडात कृत्रिम सांधा बसवायचा आणि तो भरणद्रव्याने घट्ट करायचा, हा विचार त्यांनी पाऊणशे वर्षं आधी केला होता. त्यांना न्याय मिळाला नाही असं म्हणायला पूर्ण जागा आहे.

बॉस्टनचे मारियस स्मिथ-पीटरसन यांना वाट सापडली ती एका काचेच्या तुकड्यामुळे. १९२३ साली एका रुग्णाच्या पाठीतून त्यांनी काच काढली. ती बरेच दिवस आत राहिलेली होती आणि तिच्याभोवती गुळगुळीत, चकचकीत पडदा तयार झालेला होता. सांध्याच्या अस्तराशी त्याचं साम्य होतं. मग त्यांनी खुब्याच्या डोक्यावर काचेची टोपी घातली, म्हणजे तिच्याभोवती शरीरच नवी कूर्चा तयार करेल. टोप्या भार पडताच फुटल्या. त्यांनी प्लास्टिकं बदलून पाहिली, पायरेक्स आणि बेकेलाइट वापरून पाहिलं. अखेर १९३८ साली त्यांच्या दंतवैद्याने दातांच्या कामातला व्हिटॅलियम हा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू सुचवला आणि तो टिकला. त्याच वर्षी लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी डोकं आणि वाटी दोन्ही पोलादी करून सहा रुग्णांना बसवली. महायुद्धात त्या रुग्णांच्या नोंदीच हरवल्या. ज्युडे बंधूंचा ॲक्रिलिकचा गोळा आला १९४६ साली.

या सगळ्यांनी हाडाच्या जागी काय बसवायचं आणि ते किती मजबूत हवं, याचा विचार केला. घर्षणाचा हिशोब करायला बसले ते चार्नली.

ते लँकाशायरमधल्या बरी गावचे, जन्म १९११चा. महायुद्धात सैन्यातले डॉक्टर म्हणून डंकर्कच्या माघारीतून परतले आणि पुढे इजिप्तमध्ये लष्करी कार्यशाळेच्या मदतीने हाडांच्या कामाची हत्यारं आणि आधारपट्ट्या बनवत राहिले. तोंडी युक्तिवादापेक्षा लेथवर त्यांचा विश्वास जास्त. तरुणपणी हाड कसं जुळतं हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच्या पायावर हाडाच्या कलमाचा प्रयोग करून घेतला होता. जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. अस्थिभंगावरच्या उपचारांचं त्यांचं १९५० सालचं पुस्तक पुढे अनेक वर्षं विद्यार्थी वाचत राहिले.

करकरीच्या मागे लागून त्यांनी शस्त्रक्रियेत कापलेला ताजा गुडघा घेतला आणि त्याच्या पृष्ठभागांमधलं घर्षण मोजलं. आकडा चकित करणारा होता. निरोगी कूर्चेवर कूर्चा घसरते तेव्हाचं घर्षण बर्फावर घसरणाऱ्या स्केटपेक्षाही कमी निघालं. तेव्हाच्या बऱ्याच अभियंत्यांचं मत होतं की फिरत्या यंत्राप्रमाणे सांध्यातही दोन पृष्ठभाग द्रवाच्या थरावर तरंगत असावेत. चार्नलींना ते पटेना. यंत्राचा आस सतत एका दिशेला वेगाने फिरतो, म्हणून तेलाचा थर टिकतो. खुबा पुढे-मागे हळूहळू झुलतो आणि दर पावलाला मध्येच थांबतो, तिथे द्रवाचा थर टिकणार कसा? त्यांनी निष्कर्ष काढला की निसरडेपणा मुख्यतः कूर्चेच्या पृष्ठभागातच आहे. त्यानंतरच्या संशोधनाने हे चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं. कूर्चेतलं पाणी भाराखाली स्वतःच दाब पेलतं, पृष्ठभागावर चिकटलेले रेणू घसरण सोपी करतात आणि द्रवाचाही वाटा असतो. पण कृत्रिम खुब्यापुरती चार्नलींची दिशा बरोबर ठरली: शरीराच्या वंगणावर विसंबायचं नाही, जो पदार्थ बसवायचा तोच निसरडा हवा.

दुसरा विचार भूमितीचा. वाटीत फिरणारा गोळा जितका मोठा, तितकं घर्षण मध्यबिंदूपासून लांब पडतं आणि वाटीला पिळून हाडातून सैल करतं. गोळा लहान ठेवला आणि वाटीचा बाहेरचा घेर मोठा, तर पीळ कमी आणि हाडाची पकड जास्त. नैसर्गिक डोकं पाच सेंटिमीटरच्या आसपास असतं. चार्नली उतरत उतरत २२.२२५ मिलिमीटरवर, म्हणजे इंचाच्या सात-अष्टमांशावर आले.

तिसरी गोष्ट भरणाची. दांडा हाडाच्या पोकळीत ठोकून बसवला तर तो मोजक्या टोकांवर टेकतो आणि तिथेच हाड झिजतं. मँचेस्टरच्या दंतमहाविद्यालयातले पदार्थतज्ज्ञ डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने चार्नलींनी कवळीच्या कामातलं ॲक्रिलिक घेतलं. मळलेल्या कणकेसारखा तो मऊ गोळा पोकळीत दाबायचा, त्यात दांडा रोवायचा आणि काही मिनिटांत ते कडक होतं. चार्नली बजावून सांगत की हे चिकटवायचं द्रव्य नाही. त्याचं काम फटी भरून भार सगळ्या हाडावर पसरवायचं.

हे सगळं घडलं ते विगन गावाजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात. १९३३ साली क्षयरोग्यांसाठी उघडलेलं हे रुग्णालय. स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर क्षयाच्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या, आणि चार्नलींनी मँचेस्टरच्या मोठ्या रुग्णालयातला आपला पसारा आवरता घेऊन तिथे खुब्याचं केंद्र उभं केलं. मोठ्या शहरातली प्रतिष्ठेची जागा सोडून खेड्यातल्या क्षयाच्या दवाखान्यात जाणं सहकाऱ्यांना विचित्र वाटलं असल्यास नवल नाही. पण तिथे त्यांना हवी ती मोकळीक मिळाली: एकाच प्रकारच्या शस्त्रक्रियेसाठी राखलेली जागा, शेजारी कार्यशाळा आणि तिथे हॅरी क्रेव्हन नावाचा कारागीर.

निसरड्या पदार्थाची निवड सोपी वाटली. टेफ्लॉनइतका निसरडा घन पदार्थ दुसरा नव्हता आणि शरीरात तो निर्धोक मानला जाई. १९५८पासून चार्नली टेफ्लॉनच्या वाट्या बसवू लागले. सुरुवातीचे निकाल अद्भुत होते. वर्षानुवर्षं काठीवर चालणारी माणसं न दुखता चालू लागली. १९६१ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी या नव्या शस्त्रक्रियेवर लेख लिहिला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत रुग्ण परत येऊ लागले. क्ष-किरण छायाचित्रांत पोलादी गोळा वाटीत वर वर सरकलेला दिसे. टेफ्लॉन झिजत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे झिजेचा बारीक चुरा सांध्यात साठून शरीर त्याच्यावर उठत होतं. सांधा उघडला की आत चिजासारखा लगदा निघे आणि भोवतालचं हाड खाल्लेलं असे. सुमारे तीनशे रुग्णांमध्ये ही वाटी बसलेली होती.

पुढे जे चार्नलींनी केलं त्यासाठी त्यांची थोरवी मान्य करावी लागते. बिघडलेले खुबे त्यांनी दुसऱ्यांकडे ढकलले नाहीत. त्या रुग्णांना पुन्हा बोलावून त्यांच्या शस्त्रक्रिया स्वतः केल्या. आणि टेफ्लॉनचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून घेतले. पुढे त्यांच्या शेजारी नव्या प्लास्टिकचेही. नऊ महिन्यांनी त्यांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून कळवलं: टेफ्लॉनच्या जागी मूळ तुकड्याच्या जवळजवळ दुप्पट गाठी हाताला लागतात, दुसरं प्लास्टिक मात्र नेमकं कुठे आहे ते चाचपूनही सांगता येत नाही.

ते दुसरं प्लास्टिक आलं कापडाच्या गिरणीतून. १९६२च्या मे महिन्यात एक विक्रेता क्रेव्हनकडे आला. त्याच्याकडे लँकाशायरच्या यंत्रमागांतल्या दातेरी चाकांसाठी वापरलं जाणारं जड रेणूंचं पॉलिएथिलीन होतं. (मुंबईच्या गिरण्यांमधली यंत्रंही याच लँकाशायरमधून आलेली.) चार्नलींनी त्या तुकड्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि यात वेळ घालवू नको असं सांगून ते निघून गेले. क्रेव्हनने तरीही तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. हे यंत्र त्याचं स्वतःचंच घडवलेलं. त्यात पोलादी टोक भाराखाली प्लास्टिकवर रात्रंदिवस पुढे-मागे घासत राही. चार्नली तेव्हा परिषदेसाठी कोपनहेगनला गेले होते. ते परत आले तोवर यंत्र तीन आठवडे चालू होतं आणि त्या तीन आठवड्यांत झालेली झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षाही कमी होती.

१९६२च्या नोव्हेंबरात पॉलिएथिलीनची पहिली वाटी बसली. टेफ्लॉनपेक्षा ते कमी निसरडं होतं, पण टिकाऊपणात त्याला तोड नव्हती. आज साठ वर्षांनंतरही जगातल्या बहुसंख्य कृत्रिम खुब्यांची वाटी त्याच पदार्थाच्या सुधारलेल्या रूपाची असते. इतिहासाच्या पुस्तकांत चार्नलींचं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि क्रेव्हनचं बारीक. साहेबांनी नको म्हटलेलं काम करून दाखवणाऱ्या त्या कारागिराचं नाव जास्त मोठं छापायला हवं.

नव्या वाटीने झिजेचा प्रश्न सोडवला, जंतूंचा नाही. सुरुवातीच्या काळात दर शंभरांत सात-आठ रुग्णांच्या खुब्यात पू होई, आणि कृत्रिम सांध्यात पू म्हणजे सगळं काढून टाकण्याची वेळ. जंतू शस्त्रक्रियागृहाच्या हवेतून पडतात असा चार्नलींचा संशय होता. हवा गाळण्याच्या धंद्यातले ह्यू हॉवर्थ यांना हाताशी धरून त्यांनी शस्त्रक्रियागृहाच्या आतच काचेची वेगळी खोली उभारली, तिच्यात वरून गाळलेली हवा सोडली. पुढे डॉक्टरांच्या अंगावर श्वास नळीवाटे बाहेर ओढून घेणारे पोशाख आले. दहा वर्षांत पू होण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरलं. काही सहकाऱ्यांना हा सगळा खटाटोप अतिरेकी वाटला. पण ब्रिटनमधल्या आठ हजार शस्त्रक्रियांच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष १९८२ साली आले आणि स्वच्छ हवेचा फायदा आकड्यांनी सिद्ध झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चार्नली वारले.

टेफ्लॉनच्या धक्क्याने ते विक्रीच्या बाबतीतही कडक झाले होते. त्यांचा खुबा लीड्सची थॅकरे कंपनी बनवायची, पण कित्येक वर्षं तो बाजारात मोकळा विकला जात नव्हता. राइटिंग्टनला येऊन, शस्त्रक्रिया पाहून, पद्धत शिकलेल्या डॉक्टरलाच तो मिळे. आपल्या रुग्णांकडून ते संमती घेऊन ठेवत की मृत्यूनंतर खुबा काढून परत द्यावा, म्हणजे इतक्या वर्षांत तो किती झिजला हे मोजता येईल. अनेकांनी ती आनंदाने दिली. १९७२ साली त्यांनी चार ते सात वर्षं पाठपुरावा केलेल्या ३७९ खुब्यांचे निकाल प्रसिद्ध केले. एकेक रुग्ण नावानिशी माहीत असलेला.

राइटिंग्टनला शिकायला आलेल्यांमध्ये कॅनडाचे फ्रँक गन्स्टन होते. खुब्यापेक्षा गुडघा अवघड, कारण तो नुसता बिजागरीसारखा दुमडत नाही. मांडीचं हाड नडगीवर लोळतं, घसरतं आणि थोडं वळतंही. आधीचे बिजागरीचे कृत्रिम गुडघे म्हणूनच हाडातून सैल होत. गन्स्टन यांनी चार्नलींचं भरण आणि पॉलिएथिलीन वापरून लोळत्या गुडघ्याचा पहिला आराखडा केला आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल, अभियंता पीटर वॉकर आणि मध्य प्रदेशातून तिकडे गेलेले चित्तरंजन राणावत यांनी १९७४च्या सुमारास पुढचा गुडघा घडवला. आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे त्याच घराण्यातले. मराठी वाचकाला राणावत हे नाव माहीत झालं ते ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे त्यांनी बदलले तेव्हा. ‘वाटी बदलली’ हा शब्दप्रयोग घराघरांत गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या रोपणाची किंमत बांधून दिली. सगळ्यांत जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा सरासरी दीड लाखाहून अधिक रुपयांवरून ५४,७२० रुपयांवर आला.

खुब्याची भारतातली गोष्ट मात्र युरोपपेक्षा निराळी आहे. चार्नलींकडे येणारे रुग्ण बहुतेक म्हातारे, वयाने कूर्चा झिजलेले. आपल्याकडे वयोमानाने खुबा झिजण्याचं प्रमाण कमी, गुडघ्याचं जास्त. इथे खुबा बदलावा लागतो तो बऱ्याचदा तिशी-चाळिशीतल्या माणसाचा. मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक, आणि मानेला चिकटून वर चढणाऱ्या. त्या बंद पडल्या की डोक्यातलं हाड मरतं आणि खचतं. स्टेरॉइडचा दीर्घ वापर, दारू, मानेचा अस्थिभंग ही त्याची नेहमीची कारणं. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशी याच बारीक वाहिन्यांत अडकतात. कोविडच्या साथीत स्टेरॉइड घेतलेल्यांमध्ये खुब्याचं हाड मेल्याचे रुग्ण २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. पाठीचा कणा आणि खुबे एकत्र आखडवणारा संधिवातही ऐन तारुण्यातच धरतो.

पंचविशीतल्या तरुणाला बसवलेला खुबा पन्नास वर्षं टिकायला हवा. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार शंभरांपैकी सुमारे अठ्ठावन्न खुबे पंचवीस वर्षं टिकतात. शिवाय इथे जमिनीवर बसायचं असतं. मांडी घालून पंगतीत, उकिडवं शेतात, भारतीय संडासात. चार्नलींच्या बावीस मिलिमीटरच्या गोळ्यामुळे वाटी कमी झिजत असे, पण खूप वाकून पाय आत वळवला की वाटीबाहेर सटकायला त्याला थोडंच अंतर पुरे. म्हणून रुग्णाला उंच खुर्ची आणि कमोड सांगितला जाई, आणि एका खोलीच्या घरात ते सांगणं सोपं, पाळणं अवघड.

मोठा गोळा सटकत नाही, हालचालही जास्त देतो. नव्वदच्या दशकात धातूवर धातू घासणारे मोठ्या गोळ्यांचे खुबे पुन्हा आले. तरुण रुग्णांसाठी टिकाऊ अशी त्यांची जाहिरात झाली. त्यांतला एक होता डेप्यू कंपनीचा एएसआर. त्याची वाटी उथळ होती. गोळा काठावर घासला की कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटत, रक्तात जात, भोवतालचे स्नायू नासवत. ऑस्ट्रेलियात १९९९पासून प्रत्येक कृत्रिम सांध्याची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. या नोंदीत हा खुबा लवकर काढावा लागतोय हे दिसून आलं आणि डिसेंबर २००९ मध्ये तिथून तो मागे घेतला गेला. जगभरातून मागे घेतला गेला ऑगस्ट २०१० मध्ये. तोवर सुमारे ९३,००० माणसांना तो बसलेला होता.

भारतात असे सुमारे ४,७०० रुग्ण. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार दाखल केली. २०१७ साली केंद्राने डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पुढच्या वर्षी वय आणि अपंगत्वानुसार भरपाईचं सूत्र ठरलं, कमाल रक्कम सव्वा कोटीच्या आसपास. पण तीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. कोणाच्या अंगात हा खुबा आहे, ते कुठे राहतात, जिवंत आहेत की नाहीत, हे सांगणारी देशव्यापी नोंद नव्हती. स्वीडनने अशी नोंद १९७९ सालीच सुरू केली होती, इंग्लंड आणि वेल्सने २००३ साली. भारतात शल्यविशारदांच्या संघटनेने नोंदवही चालू केली, ती ऐच्छिक.

प्रत्येक कृत्रिम सांध्याच्या खोक्यात लहान चिकटचिठ्ठ्या येतात. त्यांच्यावर कंपनी, मॉडेल, आकार आणि लॉट क्रमांक असतो. शस्त्रक्रियागृहात परिचारिका त्या सोलून रुग्णाच्या कागदांवर चिकटवते. भारतातल्या रुग्णाजवळ आज आपल्या खुब्याची खात्रीची ओळख आहे ती बहुधा एवढीच, आणि घर बदलताना, पावसात, जुन्या फायली रद्दीत घालताना हरवते तीही हीच.